ताई, तुमचा पोळ्यांचा डबा अजून माझ्याकडेच आहे

प्रिय ताई,

गणपतीत तुम्ही टोकियोहून आलात आणि दहा दिवसांत परतही गेलात. तुमच्या आईकडे आपली जेमतेम अर्धा तास भेट झाली. तेव्हा मी दोन-तीनदा 'थँक्यू' म्हणालो खरा, पण त्याने माझंच समाधान झालं नाही. घसा दाटून आला होता, काकू खिरापतीची वाटी पुढे धरून उभ्या होत्या आणि मला धड बोलता येईना. म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण तुम्ही काय केलंत ते लोकांना कळायला हवं.

वहिनींनी तुम्हाला एवढंच सांगितलं असणार की दीराला जुन्या व्हिडिओ गेमचं वेड आहे, कॉन्ट्रा नावाच्या गेमचा एक खोका आणशील का. तो खोका कशासाठी हवा होता, हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तुम्ही विचारलंही नाहीत. आता सांगतो.

आमच्या लहानपणी सांगलीत घरी जो व्हिडिओ गेम आला, तो निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या गेम खेळायच्या यंत्राची नक्कल होता. फॅमिकॉम जपानात जुलै १९८३ मध्ये आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी पोचल्या त्या त्याच्या नकला, साठ पिनांच्या कॅसेटवर चालणाऱ्या. दुकानदार कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हातात द्यायचा. खोका नाही, पुस्तिका नाही, कागदाचं एक चिटोरं नाही. आम्ही भाऊ त्या कॅसेट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचो. कॉन्ट्रात तीस जीव मिळवायची युक्ती, वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, हीसुद्धा गल्लीत तोंडातोंडी आमच्यापर्यंत आली. गेमला स्वतःचा खोका असतो, त्यावर चित्र असतं, आत कुणीतरी मन लावून लिहिलेली पुस्तिका असते, हे मला पंचविशी ओलांडल्यावर कळलं. एका फोटोत पहिल्यांदा कॉन्ट्राचा खोका पाहिला आणि खूप वेळ पाहत राहिलो. इतकी वर्षं ज्याच्याशी खेळलो त्याचं घर कुठे आहे, ते त्या दिवशी समजलं.

आम्हा संग्रह करणाऱ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, नुसती कॅसेट घ्यावी, तीच चालते, तीच खेळायची असते, पुठ्ठ्यासाठी कितीतरी पट पैसे का मोजायचे? त्यात काही चूक नाही. माझ्याकडच्या बहुतेक कॅसेट तशाच आहेत, लूज. दुसऱ्या तटाला सगळं लागतं, खोका, आतला ट्रे, पुस्तिका आणि कॅसेट. प्लॅस्टिकची कॅसेट चाळीस वर्षं टिकते, पण फॅमिकॉमचे खोके साध्या पुठ्ठ्याचे. मुलांनी ते पहिल्याच दिवशी फाडले, आयांनी साफसफाईत टाकून दिले. सेगा कंपनीच्या मेगाड्राइव्ह या दुसऱ्या यंत्राच्या गेम कडक प्लॅस्टिकच्या केसमध्ये यायच्या, त्या बिचाऱ्या वाचल्या. म्हणून फॅमिकॉमचा धड कोपऱ्यांचा खोका हातात आला की मला वाटतं, हा कुणाच्या तरी घरी कुणीतरी जपला. तुम्हीच मला सांगितलंत की तिकडे दुकानात लूज कॅसेटला 'हादाका' म्हणतात, म्हणजे उघडी. खोका आणि पुस्तिका असलेलीला 'हाकोसेत्सु-त्सुकी'. उघडी हा शब्द ऐकून मला आमचा तो बिस्किटांचा डबा आठवला.

तुमच्याआधी दोन वेळा माझा हात पोळला होता. एकाने खोक्यासकट म्हणून कॉन्ट्रा विकली. खोक्याच्या एका घडीचा फोटो मागितला तर रागावला, 'विश्वास नसेल तर घेऊ नका' म्हणाला. मी विश्वास ठेवला. घरी आल्यावर भिंगाखाली पाहिलं तर बारीक अक्षरं फुटलेली, रंग सगळे एकमेकांत उतरलेले. रंगीत प्रिंट काढून पुठ्ठ्यावर डकवलेली होती. दुसऱ्यांदा तर माणूस ओळखीचा होता, रोज एकत्र जेवणारा. ओसाकाला गेला होता. मी पूर्ण सेटचे पैसे आधीच दिले होते. परत आल्यावर त्याने खिशातून नुसती कॅसेट काढली. खोका? तो बॅगेत मावत नव्हता म्हणून हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. 'अरे, गेम तर आणली ना,' म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे कळतं. पण माझ्यासाठी जे खरं होतं ते त्याच्या लेखी रद्दी होतं. त्या दिवसानंतर मी कुणाला काही आणायला सांगणं सोडून दिलं होतं. वहिनींनी माझ्या नकळत तुम्हाला सांगितलं.

आणि तुम्ही टोकियोतल्या निशी कासाईहून जुन्या गेमची दुकानं असलेल्या अकिहाबाराला गेलात, एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी दुकानातला खोका ओल लागलेला होता म्हणून घेतला नाहीत. दुसऱ्या वेळी मी न मागता सहाही बाजूंचे फोटो पाठवलेत, झाकणाच्या आतल्या घडीचासुद्धा. तेवढ्यावरच मी तुमचा ऋणी झालो असतो.

पण मला रात्री अजून आठवतो तो डबा.

तुमच्या आईच्या डायनिंग टेबलावर तुम्ही पर्समधून तुमचा रोजचा पोळ्यांचा स्टीलचा डबा काढलात. मला वाटलं, काही खाऊ असेल. झाकण उघडलंत. पोळ्या गुंडाळतो तसं पांढरं सुती फडकं होतं, चारी पदर आत दुमडलेलं. ते तुम्ही एकेक करून उलगडलंत आणि आत कॉन्ट्राचा खोका होता. चारही कोपरे टोकदार. खोका गोल डब्यात हलू नये म्हणून मुलीचे चार मोजे बाजूंना घडी करून खोचलेले. 'बॅगेत ठेवला असता तर दबला असता ना,' तुम्ही म्हणालात, जणू त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. टोकियो ते पुणे तो डबा तुम्ही मांडीवर घेऊन आलात. बरोबर लहान मुलगी होती, रात्रीचा प्रवास होता, आणि हे एका अशा माणसासाठी ज्याला तुम्ही कधी पाहिलंही नव्हतं.

ताई, तुम्हाला गेममधलं काही कळत नाही, हे तुम्हीच हसत सांगितलंत. तरी तुम्ही त्याला पुठ्ठा म्हणाला नाहीत. समोरच्याला एखादी गोष्ट मोलाची वाटते, एवढंच पुरे धरून ती तितक्याच मोलाने हाताळणारी माणसं मी फार थोडी पाहिली. माझी आजी तशी होती. आमच्या गोट्यासुद्धा ती पदरात बांधून आणून द्यायची. शाळेतले एक शिपाईकाका तसे होते. बाकी आम्ही सगळे दुसऱ्याच्या वस्तूचं वजन आपल्या तराजूत करतो. मीही केलं असेल, कुणाच्या तरी बाबतीत.

नंतर तुम्ही पुस्तिका उघडलीत आणि उभ्या उभ्या पहिलं पान मराठीत सांगितलंत. इसवी सन २६३३. न्यूझीलंडजवळची गालुगा बेटं. रेड फाल्कन नावाचा शत्रू. मी नववीपासून ती गेम खेळतोय, निळ्या पँटवाला मी आणि लाल पँटवाला धाकटा भाऊ, पण आम्ही कुठे लढतोय, कुणाशी लढतोय, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. अमेरिकेत विकलेल्या पुस्तिकेत तर जागा आणि काळ दोन्ही बदलून टाकले होते. रात्री भावाला फोन करून सगळं वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'परत सांग, बेटाचं नाव काय?'

कॅसेटही लावून पाहिली. फेब्रुवारी १९८८ ची ही जपानी कॉन्ट्रा, ती बनवणाऱ्या कोनामी कंपनीने आत स्वतःची वेगळी चिप घातलेली. पहिल्याच टप्प्यात झाडांची पानं वाऱ्यावर हलतात आणि बर्फाच्या टप्प्यात खरोखर बर्फ पडतो. अमेरिकन आवृत्तीत यातलं काही नाही. आमच्या सातवीतल्या मुलाला ती पानं दाखवली तर म्हणाला, 'त्यात काय?' त्याला कळेल हळूहळू.

निघताना बाहेर पाऊस धरला होता. 'खोका भिजेल, डब्यासकटच न्या,' म्हणालात आणि झाकण घट्ट लावून दिलंत. रिक्षात मीही तो मांडीवर घेऊन बसलो. तुम्ही पैसेही कॅसेटचे तेवढेच घेतलेत, जाण्या-येण्याचे नाहीत. तिकडे आता पोळ्या कशात ठेवताय, हा विचार माझ्या बायकोला रोज छळतो.

डबा घासून, पुसून कपाटात ठेवलाय. फडकं धुतलंय, मोजेही. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, तुम्ही मे महिन्यात येताय. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. तोपर्यंत तासगावचे नवे बेदाणे घरी आलेले असतील.

तुमचा,
सांगलीचा भाऊ