चिठ्ठी म्हणजे मृत्युपत्र नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या घरांत मृत्युपत्राचा विषय निघाला की 'असं अभद्र बोलू नये' म्हणून तो तिथेच थांबवला जातो. मीही तो अनेकदा थांबवला आहे. मावशी गेल्यानंतर मात्र हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

मावशी शिक्षिका होती. लग्नानंतर चार वर्षांतच वैधव्य आले, मूलबाळ नव्हते. पुढचे सारे आयुष्य तिने इंदुरात स्वतःच्या पगारावर काढले आणि भविष्य निर्वाह निधीच्या पैशांतून सुदामानगरात दोन खोल्यांचे घर घेतले. अखेरच्या आजारपणात तिचे सगळे माझ्या धाकट्या बहिणीने केले. तेराव्यानंतर देवघराच्या खणात, पोथीच्या फडक्यात गुंडाळलेला वहीचा एक कागद सापडला. 'घर व बांगड्या भाचीला द्याव्यात' असे त्यावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिले होते. खाली सही होती, तारीख होती. साक्षीदाराची सही मात्र एकही नव्हती.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 प्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्या नसल्यामुळे तो कागद निरुपयोगी ठरला. पती व अपत्य हयात नसलेल्या हिंदू स्त्रीने स्वतः कमावलेली मालमत्ता, मृत्युपत्र नसेल तर, 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 15 नुसार माहेरच्या माणसांआधी पतीच्या वारसांकडे जाते. घर तिच्या दिराच्या मुलांना मिळाले. त्यांना मी दोष देत नाही. कायद्याने जे त्यांचे होते तेच त्यांनी मागितले. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा होऊन सासरहून घालवून दिलेल्या, पुढे नोकरी करून पैसा साठवलेल्या एका स्त्रीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानेही 2009 मध्ये हाच अर्थ लावला होता आणि तिची पुंजी पतीच्या वारसांना मिळाली होती. हे वाचल्यापासून एकट्या राहणाऱ्या, कमावत्या स्त्रियांची मला विशेष काळजी वाटते.

बँकेच्या ठेवीवर मावशीने बहिणीचे नाव नॉमिनी म्हणून लावले होते, त्यामुळे निदान ती रक्कम तिची, असे आम्ही धरून चाललो होतो. पण नॉमिनीला फक्त पैसे स्वीकारण्याचा अधिकार असतो, मालकी वारसांचीच राहते, हेही तेव्हाच कळले.

वास्तविक मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, भाषा मराठी असली तरी हरकत नसते. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवावी असे मला वाटते, कारण मागाहून कोणी सहीबद्दल शंका घेतलीच तर तिचा उपयोग होतो. साक्षीदार ज्यांना काही मिळायचे आहे त्यांच्यापैकी नसावेत आणि शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत. वाद कोर्टात गेला तर साक्ष द्यायला ते हयात हवेत. वय झालेले असल्यास डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीच्या तारखेचा जोडावा. मत बदलले तर नवे मृत्युपत्र करता येते, आणि शेवटचे तेच ग्राह्य धरले जाते.

इंदुरातील मराठी मंडळांनी गणेशोत्सवातील एक संध्याकाळ या विषयासाठी राखून एखाद्या जाणत्या वकिलांना बोलवावे, आणि हे आवाहन आपल्या पत्राने त्यांच्यापर्यंत पोहोचवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर