रात्री साडेनऊचा तो फोन

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या रानातील निचऱ्याच्या पाईपमधून पडणारे पाणी ओंजळीत घेऊन चाखले. ते इतके खारट लागले की चूळ भरावी लागली. त्याच क्षणी जाणवले की आपले आभार रीतसर मानायचे अजून राहूनच गेले आहे.

वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठची आमची दोन एकर काळी जमीन क्षारपड झाली, तेव्हा सर्वांनी एकच औषध सांगितले, ते म्हणजे जिप्सम. दुकानदाराने सांगितले, त्यात त्याची विक्री होती. फी घेऊन आलेल्या सल्लागाराने तर माती परीक्षणाचा अहवाल हातात धरून सांगितले की क्षारता २.३ आहे, म्हणजे ४ च्या आत, तेव्हा क्षारांचा प्रश्नच नाही, जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली आहे. त्याच कागदावर सामू (pH) ८.१ आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेले, सोडियम ६ टक्के असे छापले होते. तिकडे त्यांनी पाहिलेही नाही. हे कोठे लिहिले आहे, असे मी विचारले तेव्हा ‘सगळे टाकतात’ एवढेच उत्तर मिळाले. दोन वर्षे जिप्सम टाकले आणि दोन्ही वर्षे ऊस गुडघ्याच्या वर गेला नाही.

सांगलीत आपल्या घरी आलो तेव्हा, खरे सांगायचे तर, आपणही अहवालावरून नजर फिरवून ‘क्षार मर्यादेत दिसतात’ असेच म्हणाला होतात. मी निराश होऊन परतलो. रात्री साडेनऊला आपला फोन आला आणि आपले पहिलेच वाक्य होते, “दुपारी मी तुम्हाला चुकीचे सांगितले.”

सर, त्या वाक्यासाठी हे पत्र आहे. मृदाशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने एका अनोळखी शेतकऱ्याला आपली चूक आपणहून कळवावी, तीही मला ती कधीच कळली नसती अशी, याचे अप्रूप मला अजून वाटते. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि त्याचे कारण दुःख नव्हते. ज्यांनी पैसे घेतले त्यांपैकी एकानेही आजवर फोन केलेला नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो.

अहवालाच्या तळाची बारीक अक्षरांतील ओळ आपण मला फोनवरच वाचायला लावलीत. माती व पाणी यांचे प्रमाण तेथे एकास अडीच असे होते. अमेरिकेच्या कृषी खात्याचे १९५४ सालचे ६० क्रमांकाचे हस्तपुस्तक आपण कपाटातून काढून बसला होतात. ४ ही मर्यादा त्यात संपृक्त अर्कासाठी, म्हणजे माती जेमतेम भिजून लगदा होईल एवढ्याच पाण्यातून काढलेल्या अर्कासाठी दिलेली आहे. अडीचपट पाण्यात क्षार पातळ होतात आणि आकडा लहान दिसतो. त्याला ४ चे माप लावणे म्हणजे ताकात पाणी घालून आंबटपणा मोजणे, असे आपण म्हणालात. सामू ८.५ च्या आत, सोडियम १५ टक्क्यांच्या आत आणि संपृक्त अर्काची क्षारता ४ च्या वर असेल, तर ती जमीन क्षारयुक्त, चोपण नव्हे. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हुसकावतो; येथे हुसकावण्याजोगे फारसे काही नव्हतेच. येथे क्षार धुऊन बाहेर काढायला हवे होते आणि त्यासाठी निचरा हवा होता.

तरीही आपण ‘आता पाईप टाका’ असे म्हणाला नाहीत, आधी संपृक्त अर्काची तपासणी करून घ्या म्हणालात. आकडा ७.४ आला. उसाचे उत्पन्न याच मापाने १.७ च्या पुढेच घटू लागते, हेही आपण दोन ठिकाणी पडताळून मगच सांगितलेत. पुढची धावपळ येथे लिहीत नाही; सच्छिद्र पाईप टाकून झाले, एवढे पुरे.

यंदा त्या रानात हिरवळीच्या खतासाठी पेरलेला धैंचा कमरेएवढा आला आहे. तो गाडून लावण करणार आहे. त्याआधी नवा अहवाल घेऊन येईन. तळाची ओळ या वेळी मी आधीच वाचलेली असेल.

आपला कृतज्ञ,
वाळवा तालुक्यातील एक ऊस उत्पादक