पाझर तलाव पाझरण्यासाठीच असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाझर तलाव फेब्रुवारीतच कोरडा पडला आणि त्यावरचा खर्च वाया गेला, ही कालच्या अंकातील बातमी वाचून वाईट वाटले आणि खरे सांगायचे तर रागही आला. पाझर तलावाला कालवा नसतो; मुरमाड, भेगाळ जागी बांध घालून ओढ्याचे पाणी अडवायचे आणि ते जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना पोचवायचे, एवढ्यासाठीच तो बांधलेला असतो. तो आटला म्हणजे निकामी झाला, हा निष्कर्ष आपल्या प्रतिनिधींनी खालच्या अंगाच्या एकाही विहिरीत न डोकावता काढला आहे.

१९७२च्या दुष्काळात आमच्या तलावाच्या भरावावर माझ्या आईने मुरमाच्या पाट्या वाहिल्या आणि पुढे कित्येक वर्षे आमच्या विहिरीने उन्हाळ्यातही दगा दिला नाही. काही वर्षांपूर्वी मात्र अशीच ओरड झाली आणि ‘गळती’ थांबवण्यासाठी तलावाच्या तळाशी काळी माती पसरून ती रोलरने दाबण्यात आली. त्या वर्षी तलाव मे महिन्यापर्यंत भरलेला दिसला, सर्वांनी त्याचे कौतुकही केले. पण आमच्या विहिरीचा तळ जानेवारीतच उघडा पडला आणि ओंबीवर आलेला गहू मला डोळ्यांदेखत वाळताना पाहावा लागला. वर साठलेले पाणी तेवढे उन्हाने उडून जात होते.

विचारायचेच होते, तर गाळ शेवटचा कधी काढला हे विचारायला हवे होते. बारीक गाळ दरवर्षी भेगा बुजवत जातो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये आली, पण आमच्याकडे ट्रॅक्टर पोचेल तेवढा कडेचाच गाळ उचलला गेला आणि मधला थर तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून आमच्या सांडव्यावर, म्हणजे तलावातले जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर, पावसाळ्यात जाळी लावतात, तिच्यात काटक्या-पालापाचोळा अडकून सांडवा तुंबतो. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले तर तो टिकत नाही. लहान धरण फुटल्यावर काय होते, हे २ जुलै २०१९च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिवऱ्यात महाराष्ट्राने पाहिले आहे. ही बातमी मात्र कोणी देत नाही.

आपल्या प्रतिनिधींनी एप्रिलमध्ये पुन्हा यावे. भरावाखालच्या विहिरींचे पाणी मी स्वतः त्यांना मोजून दाखवीन.

आपला,
एक शेतकरी वाचक