ओट्यावरच्या नॅपकिनला शर्टाचा कफ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रेसिपी असतात, किचनच्या सजावटीचे फोटो असतात, पण ज्या फडक्यावाचून स्वयंपाकघर चालत नाही त्याबद्दल कधी काही येत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. हात पुसायचा नॅपकिन जागेवर न राहणं ही घरोघरची कटकट आहे, फ्रीजच्या हँडलला अडकवला की दार उघडताना खाली पडतो, ट्रॉलीच्या हँडलला लावला की मुलं ओढतात, शेवटी तो येऊन पडतो ओट्यावर शेगडीच्या शेजारी, आणि तिथेच मला भीती वाटते. कुकर उतरवायच्या गडबडीत त्याचं टोक बर्नरवर जायला कितीसा वेळ लागतो? सुती कापडही पेटतंच पण पॉलिस्टर किंवा मायक्रोफायबर वितळून कातडीला चिकटतं, त्यामुळे गॅसजवळ ते नकोच.

याच्यावर एक सोपं शिवणकाम आहे. फुल बाह्यांचा जुना शर्ट कुठल्याही घरात निघतो, त्याची कॉलर विरलेली असते पण कफ बहुतेक धडधाकट असतात. कफ उसवायचा नाही, बाही शिलाईच्या अगदी लगत कापून टाकायची, की हातात आपोआप एक पट्टा येतो, आत बकरम (कडकपणासाठीचं जाड कापड) घातलेला, काज केलेलं, बटण लावलेलं. काज करायचं म्हणून शिवायला घाबरणारे खूप जण असतात, ते कामच उरत नाही!

नॅपकिन सुती आणि पातळ घ्या, साधारण 16 बाय 24 इंचाचा, आणि शिवायच्या आधी एकदा धुऊन वाळवा कारण सुती कापड आटतं, मग चुण्या वाकड्या होतात. आता 16 इंचाच्या बाजूला चुण्या घालून ती कफाच्या रुंदीएवढी करायची, म्हणजे अडीच इंचाच्या आसपास, टाचण्या लावून कच्चा टाका घालायचा, मग कफाच्या बटणाकडच्या टोकाखाली ती इंचभर सरकवून बटणाच्या अलीकडे आणि पलीकडे अशा दोन शिलाया मारायच्या, झालं. आता कफ हँडलच्या दांडीभोवती गुंडाळून बटण लावायचं, की नॅपकिन तिथेच लटकत राहतो. मशीनला 16 नंबरची सुई लावा, टाका जरा मोठा ठेवा आणि जाड जागी पायाने पळवू नका, चाक हाताने फिरवा. मशीन नसेल तरी अडत नाही, दुहेरी दोरा घेऊन दर टाक्याला सुई थोडी मागे घेत शिवलं तरी पक्कं बसतं. टेरीचा टॉवेल मात्र यासाठी नको (सोलापुरी टेरी टॉवेल मला फार आवडतो, त्याला जीआय मानांकनही आहे, पण तो अंग पुसायला), त्याचे इतके पदर साध्या मशीनखाली जात नाहीत, सुई मोडते.

वेल्क्रो लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्यात कापडाचा भुगा अडकतो आणि धुताना बाकीच्या कपड्यांचे धागे ओढले जातात. टिचबटणही मुलांच्या एका हिसक्याला सुटतं. हल्लीच्या ट्रॉल्यांना पुष्कळदा दांडीच नसते, नुसती खाच असते, तिथे टाइल्सवर एक हूक चिकटवून बटण लावलेला कफ त्यात अडकवा, पण सिंकच्या बाजूला, शेगडीच्या बाजूला नाही.

शर्टाला कफ दोन असतात म्हणून नॅपकिनही दोन करा, एक हात पुसायला आणि एक भांड्यांना. हे मी उगाच सांगत नाही, 2018 मध्ये मॉरिशस विद्यापीठातल्या संशोधकांनी महिनाभर वापरलेले 100 किचन टॉवेल तपासले तर 49 टॉवेलांवर जंतू वाढलेले निघाले, आणि जो टॉवेल सगळ्या कामांना वापरला जात होता किंवा ओलसर राहत होता त्यावर ई-कोलाय हे आतड्यातले जंतू जास्त सापडले. लटकलेला नॅपकिन निदान मोकळ्या हवेत वाळतो, ओट्यावरचा बोळा वाळतच नाही, पावसाळ्यात तर त्याला वास यायला लागतो. तरी रोज बदलायलाच हवा, बटण काढलं की लगेच निघतो.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत अशा छोट्या शिवणकामाला एक कोपरा द्या, नुसती वर्णनं नकोत, आकृती आणि इंचातली मापं द्या, हाताने शिवणाऱ्यांसाठी वेगळं लिहा. पूर्वी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बटण लावणं, तुरपाई करणं शिकवायचे, ज्यांना तेवढं येतं त्यांना हे सहज जमेल, पुरुषांनाही. कापडी पिशव्या शिवणाऱ्या बचत गटांनीही असे बटणवाले नॅपकिन करून बघावेत, जुने शर्ट त्यांना लोक आनंदाने देतील. पहिल्या वेळी हाच कफाचा नॅपकिन छापायचा असेल तर आकृती मी काढून पाठवते.

आपली नियमित वाचक,
ठाणे