सर्टिफिकेट लिहिणारा मॅचला हजर होता का, ते आधी विचारा

संपादकसाहेब, नमस्कार.

सांगलीत माझं बॅट दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. ग्रीप घालणं, हँडल बसवणं, दोरा गुंडाळणं, नवीन बॅट नॉकिंग करून म्हणजे लाकडी हातोडीनं ठोकून तयार करून देणं, वीस वर्षं झाली हेच करतोय. मागच्या महिन्यात तासगावकडचा एक पोरगा वडिलांना घेऊन दुकानात आला, हातात कापडात गुंडाळलेली बॅट. एका मोठ्या इंडिया प्लेयरनं वनडे मॅचमध्ये वापरलेली बॅट म्हणून ऑनलाइन घेतलेली, 48 हजाराला. बेदाण्याचे पैसे आले होते आणि पोरगं जिल्ह्याच्या टीममध्ये निवडलं गेलं म्हणून वडिलांनी हौसेनं घेऊन दिली. ग्रीप सरकत होती, ती बदलायची आणि मग काचेच्या पेटीत लावून हॉलमध्ये ठेवायची असा बेत.

मी म्हणलं थांबा, ग्रीपला हात नको. खरंच मॅचमध्ये वापरलेली बॅट असेल तर ग्रीप बदलली की तिची अर्धी ओळख गेली, ती जशी आहे तशीच ठेवायची असते. आणि मग उजेडात धरून नीट बघितली. बॅट वाईट नव्हती, चांगल्या बॅटीला लागतं ते इंग्लिश विलो लाकूडच होतं, ग्रेन म्हणजे लाकडातल्या रेषा पण सरळ. पण पुढच्या बाजूला सगळे डाग लाल. आता वनडे पांढऱ्या बॉलवर खेळतात हे पोरगं पण मला सांगू शकलं असतं, ते गप्प उभं होतं. बरं नेटमध्ये लाल बॉलवर वापरली असेल असं एकवेळ धरू, तर स्टिकरचा खालचा कोपरा सुटलेला होता तो नखानं जरा उचलला आणि आत बघतोय तर स्टिकरच्या खाली पण लाल डाग, शिवणीचा ठसा सुद्धा. आणि वर स्टिकरवर एक ओरखडा नाही, काही नाही. म्हणजे आधी कोणीतरी ती बॅट भरपूर खेळली आणि नंतर तिच्यावर प्लेयरचे स्टिकर चिकटवले.

वडील म्हणाले, "अहो पण सर्टिफिकेट आहे की, होलोग्राम पण आहे." ते दाखवलं. सोनेरी बॉर्डरचा जाड कागद, खाली सही, पण सही करणाऱ्याचं नाव कुठंच नाही. कोणती मॅच, कोणती तारीख, काही नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर विकणाऱ्याच्याच पेजवर गेलं. आणि तो होलोग्राम मी नखानं उचलला तर अख्खाच्या अख्खा निघाला आणि परत जागेवर चिकटला पण. असा होलोग्राम कशावर पण लावता येतो हो. खरा असतो तो काढायला गेलं की फाटतो, त्यासाठीच तर असतो तो.

साहेब, हे पत्र त्या एका बॅटपुरतं नाही. 2 नोव्हेंबर 2025 ला आपल्या पोरींनी नवी मुंबईत वर्ल्डकप जिंकला, त्यात आपली सांगलीची स्मृती मानधना, तेव्हापासून सह्या केलेल्या जर्सी, बॅटी, ग्लोव्हजचे फोटो व्हॉट्सॲपवर किती फिरतायत बघा. लोक प्रेमापोटी घेतात म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

आपल्याकडं सोनं घेताना आपण किती बघतो. विट्याकडचे गलाईवाले देशभर सोनं गाळायला बसलेत, कस कसा लावायचा हे इथल्या माणसाला शिकवायला नको. आणि आता तर 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी म्हणजे ओळख नंबर लागतो, तो हॉलमार्कचं बघणाऱ्या सरकारी बीआयएसच्या ॲपवर टाकला की दागिना कुठं तपासला ते कळतं. यात खरी गोष्ट काय, तर तपासणारा वेगळा आणि विकणारा वेगळा. सराफानंच स्वतःच्या वहीवर लिहून दिलं की हे 22 कॅरेट आहे तर आपण ऐकू का? हळदीच्या सौद्यात पण कांडी मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कोण बोली लावतंय. मग बॅटच्या बाबतीत नुसत्या कागदावर 48 हजार कसे काय देतो आपण?

अमेरिकेत हे सगळं आधी होऊन गेलंय. नव्वदच्या दशकात तिथं एफबीआयनं ऑपरेशन बुलपेन नावाची कारवाई केली, खोट्या सह्यांची टोळी पकडली, त्यात मदर तेरेसांची खोटी सही केलेले बेसबॉल पण निघाले. टोनी ग्विन म्हणून सॅन दिएगोचा मोठा बेसबॉल प्लेयर, त्याला तर आपल्याच टीमच्या दुकानात आपल्याच नावाच्या खोट्या सह्या दिसल्या. त्यानंतर 2001 ला मेजर लीग बेसबॉलनं, म्हणजे तिथल्या मोठ्या बेसबॉल लीगनं, स्वतःची पद्धत चालू केली आणि ती मला लई आवडते. मॅचला त्यांचा माणूस मैदानाजवळ बसलेला असतो, बहुतेक आजी-माजी पोलीस, बॉल किंवा बॅट खेळातून बाहेर आली की त्याच्या डोळ्यांदेखत, तिथंच होलोग्राम आणि नंबर लागतो, आणि तो नंबर लीगच्या वेबसाइटवर कोणी पण बघू शकतो. बॉल प्रेक्षकांत गेला आणि नजरेआड झाला की साधारणपणे शिक्का नाही, मग तो कितीही भारी होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखा फटका, असू दे. न बघितलेल्या गोष्टीवर सही करायची नाही, एवढंच. फार मोठा रेकॉर्ड होणार असेल तर आधीच खुणा केलेले बॉल वापरतात म्हणजे नंतर ओळखता येतो.

दुसरी पद्धत फोटोशी जुळवायची. मॅराडोनाची 1986 च्या इंग्लंडविरुद्धच्या मॅचमधली जर्सी 2022 ला लंडनच्या सदबीज या लिलाववाल्या कंपनीनं 71 लाख पाउंडांना विकली, आपले सत्तर कोटींच्या आसपास. मॅचनंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजनं त्याच्याशी शर्ट बदलला होता. पण मॅराडोनाच्या घरचे म्हणाले की हा पहिल्या हाफचा शर्ट आहे, त्यानं मारलेले दोन्ही गोल तर दुसऱ्या हाफमधले. मग जुने फोटो काढून शर्टवरचा बिल्ला, पट्टे, नंबर हे सगळं बारकाईनं जुळवलं तेव्हा दुसऱ्या हाफचाच म्हणून ठरलं. बॅटचं पण असंच करता येतं, ग्रेन कुठं वळलाय, स्टिकर किती तिरका लागलाय, कडेला टवका कुठं उडालाय, दोन बॅटी अगदी सारख्या नसतातच. पण त्यासाठी आधी मॅच आणि तारीख कळायला पाहिजे, म्हणून ज्या सर्टिफिकेटवर मॅचचं नाव नाही ते माझ्या लेखी रद्दी.

कोणी म्हणेल खुद्द प्लेयरकडून घेतलं की झालं. न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल टीमच्या एली मॅनिंगवर 2014 ला केस झाली होती, मॅचमध्ये वापरलेली म्हणून दिलेली हेल्मेट तशी नव्हती असा आरोप, त्यानं तो नाकारला आणि 2018 ला प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. खरंखोटं ठरलं नाही, पण तिथं सुद्धा कोणी तिऱ्हाइतानं वस्तू मैदानातून येताना बघून नोंद केली असती तर केसच उभी राहिली नसती.

आणि आपल्याकडं जपण्यासारखं काय कमी आहे का. विजय हजारे इथं सांगलीत जन्मले, 1948 ला ऑस्ट्रेलियात ॲडलेडला एकाच टेस्टच्या दोन डावांत 116 आणि 145. त्याच सिरीजमधली ब्रॅडमनची टोपी 2024 ला सिडनीत बोनहॅम्सनं लिलावात काढली, ती ब्रॅडमननं भारताच्या टीमच्या मॅनेजरला दिली होती हे माहीत होतं म्हणून तिला किंमत. शेजारी कराडजवळ गोळेश्वरला खाशाबा जाधव, कुस्तीत 1952 चं ऑलिम्पिक ब्राँझ. जिल्ह्यात किती तालमींत जुन्या गदा, फेटे, लांगा पडून आहेत, कोणाच्या हे सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढं गेलीत. तालमींना, क्लबांना आणि जिल्हा संघटनांना माझी विनंती आहे की एक वही करा. वस्तू कोणाची, कोणत्या सामन्यातली, कोणी कोणाला कधी दिली, आणि देणाऱ्याच्या हातात वस्तू असलेला एक फोटो. ज्यांना माहिती आहे त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्या. तुमच्या पेपरनं याचं आवाहन केलं तर लोक ऐकतील.

त्या दोघांना मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार द्यायला लावली, तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहेत, पाच लाखांच्या आतल्या मालाला तिथं फी पण लागत नाही. ग्रीप मी बदलली नाही, आणि त्या स्टिकरला कोणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय कारण आता तोच पुरावा आहे. पैसे भरायच्या आधी कोणाला अशी बॅट दाखवायची असेल तर दुकानात घेऊन या, नुसते फोटो आणले तरी चालतील, बघायचे मी काही घेत नाही.

आपला,
एक बॅट दुरुस्तीवाला, सांगली