पिवळ्या पानांचा ढीग

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

वाचनालयातली जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड असलेल्या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात, आणायचं ठरलंय, दहा जण तयार आहेत, हे वाचून बरं वाटलं. पण पहिल्याच महिन्यात पंचवीस पुस्तकं स्कॅन करायचा बेत मात्र रद्द कर. एकच घे.

हिशोब बघ. २४० पानांचं पुस्तक एका दुपारीत स्कॅन होतं, ओसीआर, म्हणजे यंत्रानं चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, तर चहा होईस्तोवर उरकतं. खरं काम पुढेच. विकिस्रोतावर न तपासलेलं पान लाल, एकदा तपासलेलं पिवळं आणि दुसऱ्यांदा तपासलेलं हिरवं. जुन्या छपाईच्या पानाला पहिल्या वाचनात पंधरा मिनिटं धर, म्हणजे ६० तास. दहा जणांनी आठवड्याला तासभर दिला तर सहा आठवड्यांत लाल पानं पिवळी होतील. हिरवी करायला मात्र दुसरा माणूस हवा. ज्यानं पान पिवळं केलं त्याला ते हिरवं करता येत नाही. हे वाचन पानाला आठ मिनिटांचं, एकूण ३२ तास. काम जवळपास निम्मं, पण त्याला दोघंच उरतात आणि सोळा आठवडे जातात. तोवर बाकीचे आठ जण नवी पुस्तकं पिवळी करत सुटलेले असतात. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संग्रहासाठी २००० साली सुरू झालेल्या डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स या स्वयंसेवकांच्या गटाचंही तेच रडगाणं. वाचनाच्या तीन फेऱ्या, मांडणीच्या दोन, शेवटी सगळं जुळवणारा एकटा. पहिली फेरी झपाझप होते, रांग लागते ती तिसरीच्या दारात आणि जुळवणाऱ्याच्या टेबलावर.

दुसरं वाचन कंटाळवाणं, कारण उरलेल्या चुका डोळ्यांवरून घसरणाऱ्या असतात. 'आचाऱ्यांना जेवण सांगितलं' याचं 'आचार्यांना' होतं, 'रवाना' चं 'खाना', 'भान' चं 'मान'. शब्द सगळे खरे, त्यामुळे संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस गप्प. पानाचं स्कॅन केलेलं चित्र शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडायचं, याला पर्याय नाही.

त्यात अनुस्वारांचं भांडण. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकात 'घरांत', 'नाहीं', 'कांहीं' असणारच. एक जण ते सुधारतो, दुसरा परत घालतो, पान आठवडाभर हेलपाटत राहतं. छापलंय तसंच ठेवायचं, हे पहिलं पान उघडण्याआधीच लिहून सगळ्यांना दे.

सर्वांत महागात पडतं ते सुटलेलं पान. समज, स्कॅन करताना ४७-४८ राहिलं आणि १६० पानं वाचून झाल्यावर कळलं. ती दोन पानं फाइलमध्ये घातली की पुढची सगळी चित्रं दोन घरं सरकतात, टंकलेला मजकूर मात्र जुन्याच जागी राहतो. मग चित्र एका पानाचं, मजकूर भलत्याच. सगळं हलवायला प्रचालक (जादा अधिकार असलेला सदस्य) किंवा बॉटवाला (अशी कामं आपोआप करणारा प्रोग्रॅम चालवणारा) गाठावा लागतो आणि तोही आपल्यासारखाच फावल्या वेळात काम करणारा. म्हणून ओसीआरच्या आधी एकानं फक्त छापील पानक्रमांक बघत फाइल चाळायची. वीस मिनिटांचं काम. जुन्या बांधणीत सोळा पानांचा आख्खा फॉर्म (एकत्र छापून दुमडलेला जुडगा) गळालेला किंवा दोनदा शिवलेलाही सापडतो. तसं झालं तर दुसरी प्रत मिळेपर्यंत ते पुस्तक बाजूला ठेव.

कॉपीराइटचं लेखकापुरतं बघून थांबू नकोस. मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची, पण प्रस्तावनाकार, अनुवादक, चित्रकार यांची वेगवेगळी. लेखक १९६० साली गेले, प्रस्तावनाकार १९७५ साली, तर प्रस्तावना २०३६ पर्यंत बंद.

दहांपैकी चौघांना पहिल्या दिवसापासून फक्त हिरव्या कामाला बसव. रुसतील, बसू दे. आणि पिवळी पानं पन्नासच्या वर गेली की नवीन पान कोणी उघडायचं नाही.

पुस्तक ठरलं की पानं मोजून कळव. अनुक्रमणिका, म्हणजे विकिस्रोतावरचं पुस्तकाच्या सगळ्या पानांच्या यादीचं पान, रविवारी फोनवर मिळून बसवू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश