किल्ल्यात राहिले, पण नीट जेवले

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मधूनच आजी ‘पोरगी वाळून गेली’ म्हणते, आणि माझं निम्मं सांगायचं राहूनच जातं. म्हणून लिहून राहिले आहे. कॉलेज, रूम, मेस सगळं तुम्हाला पाठ आहे, ते सोडून देते. आधी महत्त्वाचं: तब्येत ठणठणीत आहे, वजन कमी झालेलं नाही. फोटोत गाल बसलेले दिसतात ते त्या टोपीमुळे.

फोटो सहलीचे आहेत. आमच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या गटाची इथे जर्मनीतच, ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात सहल होती. राहणं-जेवण मिळून पंचेचाळीस युरो, आणि ट्रेनचं तिकीट फीमध्येच येतं. हे पहिल्यांदा सांगते, कारण बाबांनी फोटो पाहून पहिला प्रश्न तोच विचारला असणार.

बिंगनपासून कोब्लेंत्सपर्यंत पासष्ट किलोमीटर नदी डोंगरांच्या मधून जाते. दोन्ही बाजूंना उभ्या चढावर द्राक्षाचे मळे आणि थोड्या थोड्या अंतराने किल्ले. २००२ पासून हे खोरं जागतिक वारशात आहे. पण बाबा, तुम्हाला आवडेल ते वेगळंच. यातले बरेचसे किल्ले म्हणजे सरळसरळ जकात नाके! नदीतून माल जायचा, आणि काठावरच्या प्रत्येक सरदाराला त्यातला वाटा हवा असायचा. काउब गावासमोर तर भर पात्रात, खडकावर, जहाजाच्या आकाराचा नाका आहे, १३२७ च्या सुमारास बांधलेला. नदीत साखळी ताणायची, नाव अडवायची, पैसे घ्यायचे, सोडायची. हे १८६६-६७ पर्यंत चाललं. तुमचा नागपूरचा वाडी नाका २०१३ मध्ये बंद झाला, म्हणजे तुम्ही यांच्या पुढे दीडशे वर्षं टिकलात. मी हे ग्रुपमध्ये सांगितलं की माझे बाबा जकातीत होते, तर सगळ्यांनी मला त्या नाक्यासमोर उभं करून फोटो काढला. तोच तो टोपीचा फोटो.

राहायला बाखाराख गावाच्या वर श्टालेक किल्ला. १६८९ मध्ये फ्रेंचांनी तो उडवला होता, गेल्या शतकात पुन्हा बांधून त्याचं युवा वसतिगृह केलं. आई, तुला ऐकून बरं वाटेल, तिथे आपली चादर आपण घालायची आणि निघताना आपणच काढून खाली नेऊन द्यायची. उशीचा अभ्रा मला एका झटक्यात घालता येतो हे पाहून एक मेक्सिकोची मुलगी थक्क झाली.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण इथे राहायचं तर ती समजून घ्यावीच लागते. हे लोक थंडीत खिडक्या उघडतात. म्हणजे थोड्या नाही, सताड. सकाळी उठल्या उठल्या, बाहेर पाच डिग्री असताना, आमच्या खोलीतल्या जर्मन मुलीने हीटर बंद केला आणि दोन्ही खिडक्या उघडून दार पण उघडं टाकलं. मी पांघरुणात, ती शांतपणे दात घासते आहे. मला वाटलं, हिचं काही बिघडलं. तर नाही, हा इथला नियमच आहे. पाच-दहा मिनिटं सगळं उघडायचं, मग घट्ट बंद. खिडकी नुसती तिरकी करून दिवसभर ठेवली तर उलट रागावतात, कारण मग भिंती गार पडतात आणि हीटर फुकट जातो. घरं इतकी घट्ट बांधलेली असतात की माणसाच्या श्वासाची, आंघोळीची, भाताच्या वाफेची ओल आतच राहते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. घरभाड्याच्या करारातसुद्धा ‘रोज खिडक्या उघडीन’ असं लिहून घेतात. आपल्याकडे कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर घर चिपचिपं होतं, तसंच हे, फक्त मे महिन्याऐवजी नोव्हेंबरात. एवढं सगळं यासाठी लिहिलं की व्हिडिओ कॉलवर माझी खिडकी उघडी दिसली की आई, ‘सर्दी होईल’ म्हणून ओरडू नकोस. स्वेटर असतो अंगात.

तुझ्या बाकीच्या काळज्या एकदाच मिटवते. शाकाहारी जेवण आधीच कळवलं होतं, त्यामुळे उपाशी राहिले नाही. रोज आलूच मिळाले, पण जवसाची चटणी सोबत होती, तीन देशांच्या लोकांनी संपवली. हातातल्या ग्लासात द्राक्षाचा रस आहे, वाइन नाही. गावात द्राक्षाचं पीक आहे तर लोक रस पितात, त्यात काय. शेजारचा उंच मुलगा इराणचा आहे, त्याचं लग्न झालेलं आहे, बायकोला तो रोज फोन करतो. आणि पाण्यात मी उतरले नाही. लोरेलायच्या कड्याखाली नदी फार अरुंद होते, ओढ जबरदस्त, पूर्वी नावा फुटायच्या. कड्यावर केस विंचरणारी एक मुलगी बसायची आणि तिच्याकडे पाहण्यात नावाडी आपटायचे, असं इथले लोक सांगतात. दोष मुलीलाच, इथेपण. आता जहाजांसाठी दिव्यांचे सिग्नल आहेत.

काठावरच्या गावांत भिंतींवर पुराच्या खुणा कोरलेल्या दिसतात, साल लिहून. त्या बघताना काकूचं घर आठवलं. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलावाचं पाणी आलं तेव्हा तिच्या दिवाणखान्यात कुठवर चढलं होतं, तिने रंग देताना ती रेघ पुसून टाकली ना?

आता पैशांचं. मला लॅबमध्ये तासांवर काम मिळालं आहे, एक तारखेपासून. ते कायद्याने चालतं, बाबा, वर्षाला १४० पूर्ण दिवस करता येतं, मी नीट वाचलं आहे. त्यामुळे वरखर्चाला पाठवता ते आता थांबवा. लोनचं व्याज तुम्ही पेन्शनमधून भरता हे दादाने सांगितलं. त्याला रागावू नका, मीच खोदून विचारलं. गाडीचं काम तेवढं करून घ्या, त्या ब्रेकवर तुम्ही बर्डीपर्यंत जाता.

दादाच्या लग्नाचा मुहूर्त फेब्रुवारीत निघतो आहे, तेच माझ्या परीक्षांचे दिवस. तारखा लागल्या की कळवीन, पण आई, माझ्यासाठी मुहूर्त पुढे ढकलू नका. मुलीकडच्यांना उगाच वाटेल. हळदीला व्हिडिओवर असेनच. आता घड्याळं बदलली, साडेचार तासांचा फरक आहे, तर तुमच्या सकाळी आठला मला पहाटे साडेतीनला उठवा, उठेन. वहिनीसाठी साडी माझ्या पगारातून घ्या, तुमच्या नाही.

आणि अमरावतीच्या त्या स्थळाला ‘पोरगी शिकून राहिली’ एवढंच सांगा. मुलगा चांगला असेल, मी कुठे नाही म्हटलं. आजीला पत्र वाचून दाखव, पण हा परिच्छेद सोडून. व्याजाचा पण.

तुमची,
मनू